उंदऱ्याचा पांढरा पाय

तांबडी विहीर सोसायटी
१२ मार्च १९६३

ओसोर,

जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, असं आधी विचारायची आपली रीत. तुझ्याकडे जनावरं नाहीत, ब्रश आहेत. ब्रश धष्टपुष्ट आहेत ना?

मी खांदमा, तुझी बहीण. अक्षर ओळखणार नाहीस, कारण तू गेलास तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. ही नवी अक्षरं सोसायटीच्या वर्गात शिकले, चाळिशी जवळ आल्यावर, लहान पोरींच्या शेजारी मांडी घालून. पंचवीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू पाठवलेल्या ओळींनी मी चूल पेटवली. आधी वाचता येत नव्हत्या म्हणून, नंतर वाचता यायला लागल्या म्हणून.

तुझी खबर मात्र मला असते. तू येत नाहीस, पण तुझी चित्रं येतात. सोसायटीच्या लाल तंबूत, जिथे रेडिओ आणि पेपर ठेवतात, तिथल्या भिंती तूच भरल्यास. 'लोकर वेळेवर द्या.' 'दात रोज घासा.' 'सीमेवर डोळ्यात तेल घाला.' मठात म्हाताऱ्या लामाच्या हाताखाली देवांच्या भुवया काढायला शिकलेला माझा भाऊ आता दात घासायला शिकवतो. रशियात शिकून आलास, नाट्यगृहाचे पडदे रंगवलेस, मागच्या वर्षी 'सन्मानित चित्रकार' झालास. ते रेडिओवर लागलं तेव्हा मी मेंढी कातरत होते. मेंढीला लागायची कात्री माझ्या बोटाला लागली.

असो. कामाचं बोलते. जानेवारीत जिल्ह्याहून कागद आला. झुंदुई निर्दोष होता, असं त्यात छापलंय. माझा नवरा जपान्यांचा हेर नव्हता, हे सरकारला आता कळलं. तेव्हाच मला विचारलं असतं तर सांगितलं असतं! जपानी माणूस सोड, त्याने जपानी काडेपेटीसुद्धा पाहिली नव्हती. कुठे मारला, कुठे टाकला, त्यात काही नाही. शिक्का मात्र छान गोल उमटलाय.

दुसरं म्हणजे नेरगुईचं लग्न ठरलं. तू गेलास तेव्हा तो माझ्या पोटात होता. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून जन्मल्यावर नावच ठेवलं, 'नाव नाही'. तर हा नाव नसलेला पोरगा आता सोसायटीचा ट्रक चालवतो आणि मिठाच्या तळ्याकडच्या दारीमाच्या प्रेमात पडलाय. ऑक्टोबरात लग्न. नवा तंबू उभा राहील, दारासमोर मानाच्या जागी पेटी येईल, पेटीवर फोटोंची चौकट. मुलीकडचे चहा घेतील आणि सगळे करतात तेच करतील. चौकटीपाशी जाऊन एकेक तोंड निरखतील. हा कोण, ही कोण. तिथे पोराच्या बापाची जागा मोकळी आहे. इतकी वर्षं ती मोकळी ठेवण्यातच शहाणपण होतं. आता टांगायला परवानगी आली, तर टांगायला तोंड नाही. फोटोवाला आपल्याकडे एकदाच आला होता, आणि तेव्हा हा बाबा डोंगरापलीकडे हरवलेला उंट शोधत होता.

माझ्या डोक्यात होता तो. आता झिजत चाललाय. वरच्या दाताचा कोपरा तुटलेला होता, हसला की आधी तो दिसायचा. हे मला शब्दांत आठवतं, डोळ्यांना दिसत नाही. मला भीती वाटते, ओसोर. माझ्यातून तो गेला की कुठेच राहणार नाही.

ते तोंड नीट पाहिलेला आणि हातात कला असलेला माणूस एकच आहे. एकदा काढलंस, आता पुन्हा काढ.

हो, काढलंस. मी काही विसरलेले नाही. धरायला येणार याची कुणकुण लागली म्हणून झुंदुई पहाटेच आपल्या उंदऱ्या घोड्यावर बसून निघून गेला होता. दुपारी सरकारी माणसं मोटारीतून आली. त्यांच्याकडे त्याचा फोटो नव्हता, म्हणून तुला बाहेर खोक्यावर बसवलं आणि कागद दिला. मी आतून तुझी पाठ बघत होते. किती वेळ काढत होतास! झाल्यावर त्यांनी तुला बिस्कीट दिलं आणि तू ते खाल्लंस. तू एकोणीस वर्षांचा होतास, भूक लागली असेल, सगळं खरं. पण ते बिस्कीट मला अजून दिसतं. मग ते म्हणाले, 'पोराचा हात चांगला आहे,' आणि तुला मोटारीत घालून घेऊन गेले. तिथून तू थेट सन्मानित झालास.

माझ्या पोराला बाप दे. माफीबिफी मला मागायची नाही आणि द्यायचीही नाही.

खांदमा

*

तांबडी विहीर
२० एप्रिल १९६३

ओसोर,

तुझं पाकीट मिळालं. पुठ्ठ्यात घालून पाठवलंस, दोन्हीकडून रेशमी कापड. उघडण्याआधी मी हात धुतले, नवा झगा घातला, शेजारच्या बुतीदला बोलावलं. नेरगुई दारात उभा होता, त्याला आत यायचा धीर होईना.

हा कोण?

रुंद कपाळ, सरळ नाक, हनुवटीला खळगी. डोळे असे लांब, जसा काही पाच वर्षांच्या योजनेकडे बघतोय. झुंदुईचं नाक बसकं होतं रे! बुतीदने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं खांदमा, हा तर दात घासणारा!"

मला आधी हसूच फुटलं. मग उठले, लाल तंबूत गेले आणि तुझी पोस्टरं एका रांगेत लावली. दात घासणारा. लोकर देणारा. सीमेवरचा शिपाई. ट्रॅक्टरवरचा. एकच माणूस, ओसोर. टोप्या बदलल्यात फक्त. मी रोज पाहत होते आणि कधी लक्षात आलं नाही. पोस्टरवरचा माणूस कोण नीट बघतो?

तू चिठ्ठीत लिहिलंयस, "ताई, माझ्या हातून हाच येतो. दुसरा काढायला गेलो तरी शेवटी हाच येतो." एवढंच. तो कोण आहे ते लिहिलं नाहीस. शहरात कुणी ओळखीचा आहे का? की तुमच्याकडे साचाच मिळतो?

नेरगुईने चित्र उजेडात धरून खूप वेळ पाहिलं. मला विचारलं, "आई, असे होते बाबा?" मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "मग याला माझ्या घरात टांगू नकोस. मी लहानपणापासून याच्या नजरेखाली वाढलोय. शाळेत हाच होता, दवाखान्यात हाच होता, गॅरेजातही हाच आहे." शांतपणे म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आणि त्याहून वाईट काय झालं ते सांगते. त्या दिवसापासून मी डोळे मिटून झुंदुईला आठवायला जाते, तर हा येतो. झुंदुईच्या झग्यात, झुंदुईच्या पट्ट्यावर हात ठेवून, हा. माझ्या अंथरुणाशी उभा राहतो आणि योजनेकडे बघतो. गाईच्या धारा काढताना मान वळवली तर घोडे बांधायच्या दोरीपाशी हा. तू माझ्या घरात नसलेला माणूस आणून सोडलास. त्याला घेऊन जा आणि माझा मला दे.

खांदमा

*

तांबडी विहीर
९ जून १९६३

ओसोर,

आज शांतपणे लिहायचं ठरवलंय. बघू जमतं का.

त्सेंदआबा तुला आठवतो? तांबड्या विहिरीवर ज्याचा तंबू असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घोड्यांना पाणी काढून द्यायचा तो. झुंदुई गेल्यापासून तो माणूस माझ्या तंबूत आला नाही. मी समजायचे, हेराच्या बायकोला घाबरतो. घाबरायचे सगळेच. पण सगळे पुढे यायला लागले, हा नाही आला. विहिरीवर भेटला की बादली माझ्या हातातून घेऊन भरून द्यायचा आणि तोंड फिरवायचा.

परवा आला. आता पार वाकलाय, दारातून आत यायला वाकावंही लागत नाही. बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "खांदमा, तो कागद आला म्हणतात. झुंदुई निर्दोष."

"आला."

"मग मला आता बोलता येईल."

मी म्हटलं, "आबा, आधी चहा घ्या."

"आधी बोलू दे, मग देशील का बघ." मग म्हणाला, "ते मोटारवाले माझ्याकडे आले होते. एक कागद दाखवला. वर एक तोंड. विचारलं, याला पाहिलास? मी पाहिलं, म्हटलं, नाही बुवा, हा कुठला, आपल्या भागातला नाही. देवाशपथ खांदमा, मी खोटं नव्हतो बोलत. तो झुंदुई नव्हताच. ते निघाले होते. एक जण मोटारीत चढलासुद्धा. आणि दुसऱ्याने कागद घडी करता करता खालचा भाग उलगडला. खाली घोडा होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं... 'अरे, हा तर झुंदुईचा उंदऱ्या! सकाळीच पाणी प्यायला इथे. मिठाच्या तळ्याकडे गेला.'"

बोलला आणि दोन्ही हातांनी तोंड धरून बसला. म्हणाला, "घोडा दाखवला की आपण बोलतोच ना गं. विचार कोण करतो. मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, उजवा कान लांडग्याने फाडलेला. इतका हुबेहूब घोडा मी जन्मात कागदावर पाहिला नव्हता. मला आनंद झाला होता, खांदमा. ओळखला म्हणून आनंद झाला होता."

मी त्याला चहा दिला. देणार नाही तर काय करणार? त्याच्या जागी मी असते तर मीही बोलून गेले असते. तू, मी, आपला बाप, कुणीही. शंभर घोड्यांच्या कळपात कुणाचा कुठला ते आपल्याला बोलायला लागायच्या आधी कळतं.

तो गेल्यावर मला उलगडलं.

म्हणजे तोंड तू खोटं काढलंस. मी पंचवीस वर्षं तुझ्या पाठीकडे बघत होते, आणि त्या पाठीपलीकडे तू खोटं नाक काढत होतास, खोटी हनुवटी काढत होतास. पिस्तूलवाला शेजारी उभा असताना! म्हणून इतका वेळ लागला. दात घासणारा तोच आहे ना? त्या दिवशी तू बनवलेला माणूस?

मग घोडा, ओसोर? घोडा का बरोबर काढलास? ज्याने तोंड चुकवलं त्याला एक पाय चुकवता येऊ नये? पांढरा पाय उजवीकडे काढायचास! कान शाबूत ठेवायचास! गाढवा! अरे गाढवा!

आणि तेवढ्यात मला बाबा आठवले. तू सात-आठ वर्षांचा होतास, चुलीतल्या कोळशाने पेटीवर घोडा काढलास आणि मागच्या पायाचा सांधा उलटा गेला. बाबा म्हणाले, "माणसाचं नाक चुकलं तर चालेल. घोड्याचा पाय चुकवलास तर हात मोडीन." आणि एक ठेवून दिली. मग तुझा हात हातात धरून त्यांनी तो पाय पुन्हा काढून घेतला, पुन्हा पुन्हा, पेटी काळी होईपर्यंत. मी शेजारी बसून हसत होते.

आता सांग, मी कुणावर रागवू? बाबांवर? ते तर कधीच गेले. मला राग धरायला कुणीच उरलं नाही आणि राग मात्र जसाच्या तसा आहे.

उत्तर दे. ब्रशने नको, अक्षरांनी दे.

तुझी ताई

*

तांबडी विहीर
१८ जुलै १९६३

ओसोर,

तुझं पत्र वाचलं. चूल नाही पेटवली. उशीखाली आहे.

घोड्याचं तुला ठाऊक होतं, हे मला माहीत नव्हतं. मोटारवाल्याने तुझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "तोंडाला कुणी ओळखलं नाही, पण तुझ्या घोड्यानेच पकडून दिला." एकोणीस वर्षांच्या पोराला असं सांगून ते जेवायला गेले. आणि तू वाट बघत बसलास की आता त्याला आणतील, कागदावरचं तोंड त्याच्याशी जुळवतील, आणि मग तुलाही धरतील. तू लिहितोस, "ताई, कुणीच जुळवलं नाही. त्यांना तोंड नकोच होतं. कुणीतरी हवं होतं."

आणि तू लिहितोस की तोंड काढताना तुझं सगळं लक्ष तोंडात होतं. खोटं नाक, खोटे डोळे, खोटी हनुवटी. मग ते म्हणाले, खाली घोडाही काढ, आणि तुला इतकं सुटल्यासारखं वाटलं की हात आपोआप धावला. पांढरा पाय झाल्यावर तुला कळलं. खोडायला गेलास तर कागद त्यांच्या हातात. मग बिस्कीट आलं. ते तू खाल्लंस, कारण नाही खाल्लं असतं तर त्यांना संशय आला असता.

ओसोर, ते बिस्कीट मी तुला परत केलं. आजपासून ते माझ्याकडे नाही.

आता इकडचं ऐक. नादामच्या जत्रेसाठी तुझं मोठं चित्र जिल्ह्याच्या क्लबात आणलं होतं, 'सोसायटीची पहिली सकाळ'. आम्ही सगळे ट्रकमधून गेलो. शर्यती, कुस्त्या, मग चित्र. केवढं ते! भिंतभर. मध्ये ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर तो, झेंडा धरणारा तो, बाई सोडली तर सगळे तोच. शहरातून आलेला एक जाड चष्म्याचा पोरगा काठीने दाखवत होता, "इथे प्रकाश पूर्वेकडून येतो, म्हणजे भविष्याकडून."

कुणी ऐकत नव्हतं. सगळी माणसं उजव्या कोपऱ्यात गोळा झाली होती. तिथे, अगदी मागे, खुंटाला एक घोडा. खोगीर घातलेला, स्वार नाही. उंदरी रंग. मागचा डावा पाय पांढरा.

मग मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "झुंदुईचा आहे." आणि बायकांनी डोक्यावरचे रुमाल सारखे केले, कुणी मेल्यावर करतात तसे. चष्म्याचा पोरगा म्हणाला, "काय झालं? ट्रॅक्टर इकडे आहे."

तू लिहिलंयस की तुमच्या शहरातल्या चित्रं तपासणाऱ्या मंडळींनी विचारलं होतं, या घोड्याचा स्वार कुठे आहे? आणि तू म्हणालास, मीटिंगला गेलाय. बरं सुचलं रे तुला! मग त्यांनी स्वार काढायला लावला, तू त्या दात घासणाऱ्याला बसवलंस, आणि सकाळी स्वतःच त्याला खरवडून उतरवलंस. कारण काय, तर घोडा त्याला बसू देत नव्हता. तू लिहितोस, प्रत्येक चित्रात तो घोडा कुठून तरी येऊन उभा राहतो. ढगांत काढला नाहीस तरी ढगात दिसतो. ओसोर, तुला वाटेल मी हसेन. नाही हसणार. मला येणारा आणि तुला येणारा एकाच दिवशीचे आहेत. मला माणूस येतो, तुला घोडा.

उंदऱ्याचं पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. बर्फ पडायच्या आधी तो एकटा घरी आला. खोगीर पोटाखाली फिरलेलं, लगाम तुटलेला. मी खोगीर सोडलं आणि त्याला मोकळा केला. पुन्हा कुणाला बसू दिलं नाही. खूप जगला, मग ज्या हिवाळ्यात अर्धी जनावरं गेली त्यात गेला. त्याची कवटी डोंगरावरच्या देवाच्या दगडांच्या राशीवर नेऊन ठेवली, तोंड मिठाच्या तळ्याकडे करून. निळा रुमाल बांधला. तेव्हा देवाधर्माला बंदी होती, म्हणून बुतीदला सांगितलं की वाटेची खूण लावून आले.

क्लबातून निघताना चित्राजवळ गेले आणि तुझ्या घोड्याच्या नाकाला हात लावला. रंग खडबडीत होता. पहारेकरी ओरडला, "ए आजी, हात लावू नका, सरकारी आहे!" मी म्हटलं, "नाही रे बाबा, हा आमचा आहे."

ताई

*

तांबडी विहीर
३० ऑगस्ट १९६३

ओसोर,

तोंड मागत नाही. तुझ्या हातून येणार नाही हे मला समजलं. जिथे ते होतं तिथे तू दुसरं बसवलंस, आणि ते आता हलत नाही. चांगल्यासाठीच केलंस. चौकटीतली जागा मोकळी राहील, मी मुलीकडच्यांना सांगेन काय सांगायचं ते.

पण तू ये. लग्नात मामाचा मान असतो, तू शहरात राहून विसरला नसशील. पहिला पेला मामाच्या हातात द्यायचा असतो. नेरगुई काल ट्रक धुताना म्हणाला, "मामा यायचा म्हणतोय का?" मी म्हटलं, मोठा माणूस आहे, बघू. तो म्हणाला, "मोठा कसला, घोडे काढतो." म्हणजे त्याने तुझ्यावरचा राग सोडला.

५ ऑक्टोबरला आहे. मंगळवार नाही, मी बघून घेतलंय.

ताई

*

तांबडी विहीर
११ ऑक्टोबर १९६३

ओसोर,

तू आला नाहीस. मी पेला भरून ठेवला होता. दुपारपर्यंत बुतीद दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन धूळ उडतेय का बघत होती. शेवटी धूळ उडाली, पण टपालाचा ट्रक होता. ड्रायव्हर म्हणाला, "राजधानीतून आलंय, दुमडू नका असं लिहिलंय, मी मांडीवर ठेवून आणलंय."

पाव्हणे बसलेले होते. उकडलेल्या मटणाची परात मध्ये होती. मी सगळ्यांसमोर उघडलं, कारण आता लपवायचं काय राहिलं?

चौकटीच्या मापाचं चित्र. माळ, गवत पिवळं पडलेलं, लांब मिठाच्या तळ्याची पांढरी रेघ. एक स्वार चाललाय, आपल्याकडे पाठ करून. टोपी, खांदे, पट्ट्याची गाठ. पाठ झुंदुईची आहे. मी ओळखली. पाठ चुकवायची वेळ तुझ्यावर कधी आली नव्हती, म्हणून ती तुझ्याकडे शाबूत राहिली.

आणि घोडा.

मी पाहिलं आणि मला काही कळेना. पिवळसर रंगाचा घोडा. पांढरा पाय पुढचा, उजवा. दोन्ही कान धड. मागच्या पायाचा सांधा उलटा! अगदी तू कोळशाने काढला होतास तसा. माझ्या तोंडून निघालं, "बाबांनी हात मोडले असते याचे!" नवरीच्या बापालाही राहवेना. चांगला माणूस आहे, पण घोड्याचा विषय निघाला की कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. म्हणाला, "विहीणबाई, तुमचे भाऊ सन्मानित आहेत ना? असा घोडा चार पावलं चालायचा नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्सेंदआबा काठी टेकत पुढे आला. चित्रापुढे उभा राहिला. नाक कागदाला लागेल इतका जवळ गेला. तंबूत सगळे गप्प. अर्ध्या लोकांना माहीत होतं, उरलेल्या अर्ध्यांना गप्प बसण्यावरून कळलं.

मी विचारलं. का विचारलं मला माहीत नाही, पण तेच शब्द आले. "आबा, याला पाहिलात?"

तो चित्रापासून दोन पावलं मागे सरला. मग मोठ्याने, बहिऱ्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही. हा घोडा आपल्याकडचा नाही. मी नाही पाहिला. इथून कुणी गेलं नाही."

मग बाहेर गेला. मी मागे गेले. घोडे बांधायच्या दोरीला धरून रडत होता, पोरासारखा, नाक पुसत. म्हणाला, "बरोबर बोललो ना, खांदमा?" मी म्हटलं, "बरोबर बोललात, आबा. आता आत चला, मटण गार होतंय."

ओसोर, तू पंचवीस वर्षं उशिरा पाय चुकवलास. मला माहीत आहे, त्याने काही होत नाही. झुंदुई मेला तो मेलाच. पण मी चित्र मोकळ्या जागी टांगलं, आणि मुलीकडच्या एका बाईने विचारलं, "हा कोण?" मी म्हणाले, "नेरगुईचा बाप. पहाटे निघाला होता." ती म्हणाली, "मग पोहोचला का?" तिला काही माहीत नव्हतं. नेरगुई माझ्याआधी म्हणाला, "पोहोचला."

तो दात घासणारा लग्नानंतर आलेला नाही. आज सकाळी धार काढताना मी मुद्दाम मान वळवून दोरीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग बादलीत बघत असताना एकदम, शब्दांनी नाही, डोळ्यांनी, तो तुटका दात दिसला. फक्त दात, आणि वरच्या ओठाचा थोडासा भाग. मी हललेच नाही. गाईने शेपटीने मारलं तरी हलले नाही. हळूहळू बाकीचा येईल, नाही आला तरी दात आहे.

मग पळीभर दूध घेतलं, बाहेर आले आणि मिठाच्या तळ्याच्या दिशेला शिंपडलं, जाणाऱ्याच्या मागे शिंपडतो तसं. तेव्हा पहाटे राहून गेलं होतं. मोटारीचा आवाज येईल या भीतीने मी बाहेरच आले नव्हते.

तुझा पेला अजून भरलेला आहे. त्यावर झाकण ठेवलंय. रस्ता गोठायच्या आत ये. घोडा मी देईन, आणि तो कुठल्या रंगाचा आहे हे वाटेत कुणी विचारलं तर खरं सांग.

ताई